पावसाळ्यात ‘एरिया’ कुठे जातो? फॉस्फाझीन जाळीच्या हरवलेल्या छिद्रांचा शोध

मिरग लागला की आमच्या प्रयोगशाळेत दोन गोष्टी ठरलेल्या. खिडक्यांच्या चौकटी फुगतात आणि कुणीतरी पोर बीईटीचा, म्हणजे नायट्रोजन वायूने ग्रॅमभर पावडरीच्या छिद्रांतलं क्षेत्रफळ (‘एरिया’) मोजणाऱ्या चाचणीचा, कागद घेऊन दारात उभं राहतं. “मॅडम, एरिया आलाच नाही.” मार्चमध्ये ज्या कृतीने झकास पावडर मिळाली होती, त्याच कृतीने, त्याच भांड्यांत जुलैत दगड होतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ही तक्रार मी इतक्या वेळा निस्तरली आहे, की आता कागद न बघताच विचारते: वजन कधी केलंस, सुकवण्याआधी की नंतर?

खालचं सगळं एका ठरावीक कृतीबद्दल आहे. हेक्झाक्लोरोसायक्लोट्रायफॉस्फाझीन, म्हणजे आमच्या बोलण्यातला ‘ट्रायमर’: तीन फॉस्फरस आणि तीन नायट्रोजन एकाआड एक बसलेलं कडं, प्रत्येक फॉस्फरसवर दोन क्लोरीन, असे सहा हात. पहिल्या टप्प्यात टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) या द्रावकात पोटॅशियम कार्बोनेट घालून सहाही हातांवर ४-हायड्रॉक्सीबेन्झाल्डिहाइड चढवायचं. दुसऱ्या टप्प्यात ती सहा आल्डिहाइड टोकं पॅरा-फेनिलीनडायअमीनने (पुढे पीपीडी) एकमेकांना जोडायची; एका कड्यामागे तीन डायअमीन, डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकात, नायट्रोजनखाली, १८० अंशांवर, तीन दिवस. प्रत्येक जोडाला पाण्याचा एक रेणू सुटतो आणि मागे छिद्रांची जाळी उरते. तुम्ही बिसफेनॉल-एस आणि ट्रायएथिलअमीन वापरून गोळ्या किंवा नळ्या करत असाल, तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

लक्षणं

- बीईटी क्षेत्रफळ तीन आकडी यायला हवं तिथे दोन आकडी, कधी एकच आकडा.
- आयसोथर्म (दाब वाढवत जाताना किती वायू शोषला गेला त्याचा आलेख) सुरुवातीलाच ताठ चढायला हवा. तो आडवा पडून राहतो आणि शेवटी शेपटी वर करतो.
- उत्पादन १०० टक्क्यांहून जास्त. (हे बघून खूश होणारी मुलंही भेटली आहेत.)
- पावडर बाटलीच्या काचेला चिकटते, गाठी होतात. कधी तपकिरी, चिक्कीसारखा खडा.
- आयआरमध्ये (इन्फ्रारेड वर्णपटात, आकडे सेंमी⁻¹ मध्ये) ३४०० च्या आसपास रुंद ढिगारा, आणि १७०० जवळचा आल्डिहाइडचा पट्टा अजून जागेवर.
- ट्रायमरची बाटली उघडताना नाकाला झोंबणारा वास.

यातली सगळी लक्षणं एकदम दिसत नाहीत आणि तिथेच खरी मेख आहे. चोर एकच, पाणी. पण तो तीन वेगवेगळ्या दारांनी येतो. कच्च्या मालातून आला तर सहा हात पूर्ण चढत नाहीत. जोडणीच्या वेळी आला तर ती अर्धवट राहते आणि १७०० चा पट्टा जात नाही. आणि सगळं नीट होऊनही शेवटी छिद्रांत जाऊन बसला, तर आयआर स्वच्छ पण एरिया शून्य. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी या तिसऱ्या दाराच्या असतात, आणि पोरं मात्र पहिल्या दारापासून सगळी कृती पुन्हा करायला बसतात. म्हणून तपासणी शेवटाकडून सुरू करा. ती स्वस्तही पडते.

१. तोच नमुना पुन्हा सुकवा (खर्च शून्य, वेळ एक रात्र)

नवीन काही करू नका. आहे त्यातली थोडी पावडर तोलून घ्या, व्हॅक्यूम ओव्हनमध्ये १२० अंशांवर रात्रभर ठेवा, डेसिकेटरमध्ये थंड करा, पुन्हा तोला. वजन लक्षात येण्याइतकं घटलं, तर बीईटीला तुम्ही जाळी पाठवली नव्हती, ओली जाळी पाठवली होती.

विश्वास बसत नसेल तर मी मुलांना दाखवते तो प्रकार करा. सुकवलेली पावडर डेसिकेटरमधून काढून थेट चार दशांशाच्या तराजूवर ठेवा आणि हात न लावता नुसतं बघत बसा. जुलैच्या झडीत शेवटचा आकडा थांबत नाही. चढतो, मग त्याच्या शेजारचा चढतो. तराजू बिघडला म्हणून मुलं काचेची दारं उघडझाप करतात. तराजू ठणठणीत असतो, पावडर समोर बसून हवा पीत असते. आईचे पोह्याचे पापड डब्याबाहेर राहिले की दहा मिनिटांत सादळायचे, तसंच हे. जाळी जितकी चांगली तितकी लवकर सादळते, म्हणून वजन चढणं ही एका अर्थी चांगलीच खूण आहे. छिद्रं आहेत, फक्त भाडेकरू भलता आहे.

इथे एक हिशेब नीट समजून घ्या. नमुन्यात १५ टक्के पाणी असेल तर वजनाच्या चुकीमुळे एरिया साधारण तितकाच कमी दिसेल. चारशेचे वीस होणार नाहीत. वीस होतात ते छिद्रांची तोंडं बंद झाल्यामुळे, कारण नायट्रोजनला आत शिरायला वाटच नसते. म्हणून नुसतं गणितातलं वजन दुरुस्त करून भागत नाही. डीगॅस (मोजण्याआधी नमुना निर्वातात तापवून छिद्रं रिकामी करणं) पुन्हा करायला सांगा, आणि क्षेत्रफळ काढताना डीगॅसनंतरचंच वजन धरलंय ना, ते विचारा.

नमुना मुंबईला किंवा कोल्हापूरला पाठवत असाल तर झिपच्या पिशवीतून पाठवू नका. रेल्वेच्या डब्यात रात्रभर जी हवा असते तीच पिशवीत असते. काचेची छोटी बाटली, पॅराफिल्म, बाहेर सिलिका जेलच्या पुड्या घातलेली मोठी बरणी, आणि चिठ्ठीवर ठळक अक्षरात डीगॅसचं तापमान आणि तास.

२. आलेखाची फाइल मागवा

कागदावरच्या एका आकड्यावर विसंबू नका. ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांनी १९३८ साली मांडलेलं समीकरण सापेक्ष दाबाच्या एका पट्ट्यातच सरळ रेषा देतं. सवयीने ०.०५ ते ०.३० हा पट्टा घेतला जातो; पण २ नॅनोमीटरहून लहान छिद्रं असली की रेषा त्याच्या आतच वाकते आणि ०.१ च्या खालचे बिंदू घ्यावे लागतात. समीकरणातला ‘सी’ हा स्थिरांक ऋण आला असेल तर पट्टा चुकलाच म्हणून समजा. यातून दोनअंकीचं तीनअंकी होत नाही, पण मधल्या अडकलेल्या नमुन्यांचा निकाल लागतो. अर्ध्या तासाचं काम.

३. डीएमएसओ खरंच बाहेर गेलं का?

डीएमएसओ उकळतं १८९ अंशांवर. ते छिद्रांत बसलं की १२० अंशांवर आणि अर्ध्या कच्च्या निर्वातात उठता उठत नाही. ‘अर्धा कच्चा’ म्हणतेय ते नळाला जोडलेल्या अ‍ॅस्पिरेटरबद्दल. पाण्याच्या धारेवर चालणारा निर्वात पाण्याच्या स्वतःच्या बाष्पदाबाखाली जाऊच शकत नाही. ३० अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब सुमारे ३२ मिमी पारा, आणि आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात त्याहूनही गरम. थंड प्रदेशातल्या कुणाची कृती वाचून ‘निर्वातात सुकवले’ असं लिहिलंय म्हणून आपण अ‍ॅस्पिरेटर लावायचा, हे चालणार नाही.

उपाय दोन. आधी द्रावक बदला: सॉक्सलेटमध्ये (ताजं द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून धुणाऱ्या काचेच्या उपकरणात) मिथेनॉलने दिवसभर, मग टीएचएफने. पंप त्यानंतर. पंप रोटरीच हवा, आणि त्याचं तेल आधी बघा. काचेच्या खिडकीतून तेल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी मिसळलंय. गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडणारी झडप) उघडून तासभर चालवा, तरी दुधाळ राहिलं तर तेल बदला. आमच्याकडे पावसाळ्यात मी हे आठवड्याला बघते.

ओली पावडर पाण्यातून थेट कधी सुकवू नका. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन, मिथेनॉलचा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. छिद्रातलं पाणी आटताना भिंतींना आत ओढतं. दोन ओल्या काचपट्ट्या कशा एकमेकींना धरून बसतात ते आठवा. एकदा भिंती मिटल्या की पुढे कितीही सुकवा, उपयोग नाही. अशी मिटलेली पावडर टीएचएफमध्ये दोन दिवस भिजत ठेवून, मिथेनॉलवर आणून पुन्हा सुकवली तर कधी कधी उघडते. कधी कधीच.

४. आयआर, पण केबीआरवर डोळे झाकून विश्वास नको

१७०० चा पट्टा गेला आणि १६२० च्या आसपास नवा आला की मुलं लिहितात, ‘इमीन तयार झाले’, म्हणजे आल्डिहाइड आणि अमीन जुळले. थांबा. केबीआर म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइड, ज्यात मिसळून नमुन्याची चकती दाबतात; ते स्वतः पाणी ओढतं, आणि पाण्याचा एक पट्टा १६४० जवळच येतो. जुलैत नुसत्या केबीआरची कोरी चकती करून बघा, तिथेही ‘इमीन’ दिसेल! केबीआर ११० अंशांवर रात्रभर सुकवा, कोरी चकती आधी काढा, किंवा एटीआरवर (चकती न करता थेट पावडरीचा) आयआर घ्या.

आयआरच्या टोकाला, ६०० आणि ५२० च्या आसपास, फॉस्फरस-क्लोरीनचे पट्टे शोधा. पहिल्या टप्प्यानंतर ते दिसत असतील तर सगळे हात चढलेले नाहीत. असा माल डीएमएसओमध्ये घालून तापवायचा नाही, हा माझ्या प्रयोगशाळेतला नियम आहे. फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड, सायन्यूरिक क्लोराइड यांसारखी क्लोराइडं डीएमएसओशी फार जोरात प्रक्रिया करतात, आणि आम्लाच्या संगतीत गरम डीएमएसओ स्वतःच बिथरू शकतं. एरिया गेला तर गेला, कंडेन्सर छताला लागायला नको.

५. धुणं आणि सिल्व्हर नायट्रेटची फसवणूक

पहिल्या टप्प्यात एका ट्रायमरमागे सहा पोटॅशियम क्लोराइड तयार होतात. ते धुऊन गेले नाहीत तर पुढे मेलेलं वजन म्हणून सोबत राहतात. धुवणात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून पांढरट गढूळपणा बघायचा, हे सगळ्यांना येतं. पण आधी विरल नायट्रिक आम्लाचे थेंब टाकायचे, हे विसरतात. उरलेलं कार्बोनेट सिल्व्हरबरोबर स्वतःचाच साका देतं आणि तुम्ही क्लोराइड समजून धुतच बसता.

एका वर्षी एक मुलगी तीन दिवस धूत होती. अकरा वेळा धुतलं, तरी गढूळ. शेवटी मी म्हटलं, नुसतं डिस्टिल्ड पाणी घे आणि त्याच परीक्षानळीत टाक. तेही गढूळ! परीक्षानळी विसळली होती नळाच्या पाण्याने, आणि नळाला बोअरचं पाणी. समुद्राकाठच्या बोअरला किती मीठ असतं ते चहा करणाऱ्याला विचारा. तिचा माल पहिल्या तीन-चार धुण्यांतच स्वच्छ झाला होता, बाकीची धुणी फुकट. कोरी चाचणी आधी, नमुना नंतर.

६. कच्चा माल: नाक, लिटमस, डोळे

ट्रायमरबद्दल एक गैरसमज आहे की हवा लागली की संपला. तसं नाही. लीबिग आणि वोलर यांना १८३४ मध्ये फॉस्फरस पेंटाक्लोराइड आणि अमोनियाच्या खटपटीत हे पांढरे स्फटिक पहिल्यांदा मिळाले, आणि जुने लोक ते चक्क पाण्याच्या वाफेबरोबर ऊर्ध्वपातन करून वेगळे काढत. पाण्यात न विरघळणारा कोरडा स्फटिक बराच दणकट असतो. तो हरतो विरघळल्यावर, अल्कलीच्या संगतीत, ओल्या टीएचएफमध्ये. तेव्हा क्लोरीनच्या जागी हायड्रॉक्सिल बसतं, आणि त्या हातावर आल्डिहाइड कधीच चढत नाही.

बाटलीच्या तोंडाशी, वाफेच्या कपाटात, ओला निळा लिटमस धरा. लाल झाला तर वरचा थर सादळलाय. गरम हेक्झेनमध्ये विरघळवा, न विरघळलेलं गाळून टाका, थंड करा. वितळबिंदू ११२ ते ११४ अंशांच्या आसपास आणि नेमका आला तर वापरा. लांबट पट्ट्यात वितळला तर पुन्हा एकदा. फॉस्फरस पेंटाक्लोराइडपासून ट्रायमर स्वतः करायच्या भानगडीत कॉलेजच्या प्रयोगशाळेने पडू नये, विकत मिळतो.

पोटॅशियम कार्बोनेट १५० अंशांवर रात्रभर. पीपीडी हे केस रंगवण्याच्या रंगात असतं तेच. हवेने जांभळं-तपकिरी होतं. काळपट झालेलं घेतलंत तर हिशेबातले तीन मोल प्रत्यक्षात तीन नसतात आणि जाळीचे धागे मध्येच तुटतात. निर्वातात उडवून शुद्ध करा. हातमोजे हवेतच, त्याची अ‍ॅलर्जी एकदा बसली की आयुष्यभर सोडत नाही.

७. टीएचएफ

एवढ्यात दोष सापडला नाही, तर आता खर्चाची बाजू. आधी आकडा बघा. एक ग्रॅम ट्रायमर म्हणजे सुमारे २.९ मिलिमोल, म्हणजे १७ मिलिमोल फॉस्फरस-क्लोरीन बंध. १०० मिलि टीएचएफमध्ये वजनाने फक्त ०.२ टक्के पाणी असेल तर ते होतं सुमारे १० मिलिमोल. सगळं पाणी काही लढायला उतरत नाही, पण सहा हातांतला एखादा हात तोडायला थोडंच पुरतं. आणि टीएचएफ पाण्याशी हव्या त्या प्रमाणात मिसळतं. अर्धी रिकामी बाटली पावसात आठ दिवस उघडझाप करून वापरली की ०.२ टक्के काहीच नाही.

मी ३ अँगस्ट्रॉमचे मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे सच्छिद्र दाणे) वापरते. १०० मिलिला २० ग्रॅम, तीन दिवस, ढवळायचं नाही. सीव्ह आधी ३०० अंशांवर तापवलेले हवेत. ‘नवीन डबा उघडलाय’ म्हणजे तापवलेले नव्हेत. हातमोजा घालून तळव्यावर चार दाणे घ्या, पाण्याचा थेंब टाका. चटका बसण्याइतके गरम झाले तर जिवंत, गार राहिले तर मेलेले. सोडियम-बेन्झोफिनोनची निळी भट्टी सुंदर दिसते, पण पागोळ्या खिडकीतून आत येतात अशा खोलीत मी सोडियम बाहेर काढू देत नाही.

पाणी मोजायचंच असेल तर कार्ल फिशर. आपल्याकडे नसेल तर लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत कुणी माजी विद्यार्थी क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) असतोच, त्याला विचारा.

८. तीन दिवस म्हणजे खरंच तीन दिवस?

लाइट गेली आणि परत आली की अनेक डिजिटल हॉटप्लेट बंदच राहतात. सकाळी येऊन कुणीतरी बटण दाबतं आणि वहीत ‘७२ तास’ लिहितं. आम्ही त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर विजेवर चालणारं जुनं डिजिटल घड्याळ लावलंय. लाइट जाऊन आली की ते बारा वाजवून लुकलुकायला लागतं, आणि लाइट कधी आली ते वजाबाकीने कळतं. या घड्याळाने जितके प्रबंध वाचवले तितके एनएमआरनेही नाहीत.

९. फॉस्फरस एनएमआर

एनएमआर म्हणजे चुंबकीय क्षेत्रात एकेका फॉस्फरसची भोवतालची स्थिती दाखवणारी चाचणी; शेवटी ठेवलीय ती पैशांमुळे. सहाही हात चढलेल्या संयुगाला ७ पीपीएमच्या आसपास एकच शेंडा येतो, कारण तिन्ही फॉस्फरस सारखे. मूळ ट्रायमर २० च्या जवळ दिसतो. एकाऐवजी गुंतागुंतीचे झुबके दिसले तर हात अर्धवट आहेत किंवा तुटलेत. इथिल अ‍ॅसिटेटमधून पुन्हा स्फटिक करा. सुधारलं नाही तर तो घाणा सोडून द्या आणि सहाव्या-सातव्या मुद्द्यावर परत जा.

इथे हात काढून घ्या

टीएचएफच्या जुन्या बाटलीच्या झाकणाभोवती पांढरे कण दिसले तर झाकण फिरवू नका, बाटली हलवूही नका. ती पेरॉक्साइडं असू शकतात आणि घर्षणाने फुटतात. नेहमीच्या बाटलीची चाचणी मात्र तुम्हीच करा: पोटॅशियम आयोडाइड आणि विरल आम्लात थोडं टीएचएफ, पिवळं-तपकिरी झालं तर ते ऊर्ध्वपातनाला लावायचं नाही.

फॉस्फरस पेंटाक्लोराइडची विसरलेली बाटली कपाटात मागे सापडली, झाकण फुगलंय किंवा गंजलंय, तर कपाट बंद करा, खोली रिकामी करा, सुरक्षा अधिकाऱ्याला सांगा. ती प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या घातक कचऱ्याच्या यंत्रणेकडेच जायला हवी. बेसिनमध्ये ओतून ‘निष्प्रभ’ करण्याचा सल्ला देणारा कुणी भेटेल. त्याला बेसिनजवळ एकटा उभा राहायला सांगा.

द्रव नायट्रोजनच्या ट्रॅपमध्ये निळसर द्रव साठलेला दिसला तर तो ऑक्सिजन आहे, गळतीतून आत आलेला. द्रावकाच्या वाफांबरोबर तो स्फोटक ठरतो. ट्रॅप काढू नका, बंदिस्त करू नका, मागे सरा आणि अनुभवी माणसाला बोलवा.

आणि बीईटी यंत्राची गळती चाचणी दोनदा फेल गेली तर ओ-रिंग बदलून एकदा बघा. मग कंपनीच्या माणसाला फोन. खाऱ्या हवेने व्हॉल्व्हच्या जागा खाल्लेल्या असतात, आणि आत पाना घातला की दुरुस्तीचं बिल दुप्पट होतं. तो गणपतीआधी काही येत नाही. तोवर नमुना बाटलीत, बाटली बरणीत, सिलिका निळी आहे ना ते रोज बघायचं.